बोटांतील रक्तप्रवाह : तो कसा मोजतात आणि का मोजावा



 आरोग्यावरचे भाषण म्हटले की हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असे मोठमोठे विषय अपेक्षित असतात. आम्ही मात्र आज एका लहानशा अवयवाविषयी बोलणार आहोत. तो अवयव म्हणजे हाताचे बोट. आपल्यापैकी बहुतेकांचे हातावर पोट आहे, आणि ज्याचे हातावर पोट, त्याचे पोट शेवटी बोटांवरच असते. गवंडी असो, शिवणकाम करणारी भगिनी असो, कारकून असो की खाणीतला कामगार असो, बोटे गेली म्हणजे रोजी गेली. म्हणून या बोटांपर्यंत रक्त पोहोचते की नाही, आणि पोहोचत असेल तर किती, हे मोजण्याचे शास्त्र आपण समजून घेतले पाहिजे.

आम्ही रक्तवाहिन्यांच्या तपासणीचे काम करणारी माणसे आहोत. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार सारखीच असते. "थंडीत बोटे पांढरीफटक पडतात, मग निळी होतात, मुंग्या येतात, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात." ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात. पहाटे उठून गार पाण्यात भांडी-कपडे करणारी सून हे सांगते, तेव्हा घरातले म्हणतात, हिला काम नको, म्हणून ही सोंगे. ती दवाखान्यात पोहोचते तेव्हा दुपार झालेली असते, हवा तापलेली असते आणि बोटे अगदी चांगली दिसतात. मग दवाखान्यातही तिच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही. मोजमापाची गरज इथेच निर्माण होते.

प्रथम या बोटांची रचना पाहू. हाताला दोन मुख्य धमन्यांतून रक्त मिळते. एक मनगटाच्या अंगठ्याच्या बाजूने येते, जिच्यावर बोट ठेवून वैद्य नाडी पाहतात. दुसरी करंगळीच्या बाजूने येते. या दोघी तळहातात कमानीसारख्या जोडल्या जातात. त्या कमानीतून फाटे फुटतात आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक बारीक धमनी टोकापर्यंत जाते. निसर्गाने एक वाट बंद पडली तर दुसरी असावी, अशी सोय करून ठेवली आहे.

पण बोटाच्या टोकाचे आणखी एक काम आहे. ते शरीराची उष्णता राखण्याचे. उकाड्यात बोटांतील रक्तवाहिन्या उघडतात आणि उष्णता बाहेर टाकतात. थंडीत त्या आवळतात आणि उष्णता आत राखतात. त्यामुळे बोटातील रक्तप्रवाह सतत बदलत असतो. ॲलन बर्टन या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवून दिले की, निरोगी माणसाच्याही बोटात हा प्रवाह कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यामध्ये सुमारे शंभरपट फरक दाखवू शकतो. शरीराच्या फार थोड्या भागांत एवढा चढउतार आढळतो. म्हणून एकदाच मोजलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. कोणत्या हवेत मोजले, बसून किती वेळ झाला, आधी विडी ओढली होती काय, चहा घेतला होता काय, हे सर्व माहीत असावे लागते.

आता आजारांकडे वळू. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये पॅरिस येथे आपल्या प्रबंधात थंडीने किंवा मनाच्या ताणाने बोटे पांढरी पडण्याच्या या विकाराचे वर्णन केले. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दुसरा कोणताही रोग नसतो. रक्तवाहिन्या थंडीला वाजवीपेक्षा जास्त आवळतात, एवढेच. त्रास होतो, पण बोटांना सहसा इजा होत नाही. दुसऱ्या प्रकारात मागे एखादा मोठा रोग दडलेला असतो. उदाहरणार्थ, कातडी घट्ट व कडक होत जाणारा स्क्लेरोडर्मा. त्यात बोटांच्या टोकांना जखमा होतात आणि पुढे फुप्फुसे व मूत्रपिंडेही धोक्यात येऊ शकतात. बाहेरून दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. फरक तपासणीतूनच कळतो.

दुसरा आजार आहे बर्गरचा. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे सविस्तर वर्णन केले. हा तंबाखूचा आजार आहे. बहुधा तरुण पुरुषांना, पंचेचाळीस-पन्नाशीच्या आत, तो गाठतो. हातापायांच्या लहान धमन्यांना सूज येते, त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वाट बंद पडते. बोट काळे पडते आणि कापावे लागते. आपल्या देशात या रोगाच्या मागे बहुतेक वेळा विडी असते. एक बोट कापल्यानंतर उरलेल्या बोटांत विडी धरणारे रोगी आम्ही पाहिले आहेत. बंधूंनो, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या रोगावर तंबाखू पूर्णपणे सोडण्याइतके खात्रीचे औषध दुसरे नाही. बोट काळे पडण्याआधी ज्यांनी तंबाखू कायमची सोडली, त्यांच्यापैकी बहुतेकांची बोटे वाचतात. दिवसाला एकच विडी, हा हिशेब इथे चालत नाही.

या आजारांत बोटांचे रक्त कसे मोजतात, ते आता क्रमाने सांगतो.

सर्वांत साधी परीक्षा यंत्राशिवाय होते. नख दाबून धरावे. नखाखालचा भाग पांढरा होतो. सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला उबदार खोलीत दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ लागू नये. सावळ्या कातडीवर बोटाचा पांढरेपणा चटकन दिसत नाही, म्हणून नखाखाली आणि तळहाताच्या बाजूनेच पाहावे.

दुसरी परीक्षा एडगर ॲलन या अमेरिकन डॉक्टराने १९२९ मध्ये सांगितली. तीही बर्गरच्या आजाराच्या रोग्यांसाठीच. आज ती थोड्या बदलाने करतात. रोग्याने मूठ घट्ट आवळायची. तपासणाऱ्याने मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरायच्या. मूठ उघडली की तळहात फिकट दिसतो. मग करंगळीच्या बाजूची धमनी सोडायची. तळहात काही सेकंदांत भरून आला तर ती वाट मोकळी आहे. भरून आला नाही तर ती वाट बंद आहे किंवा अपुरी आहे. अशीच दुसऱ्या बाजूची परीक्षा करतात. दोन अंगठे आणि एक घड्याळ एवढ्यावर ही तपासणी होते. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती करता येते.

पण रक्त किती येते, हे आकड्यात हवे असेल तर यंत्र लागते. त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. हौदात नळाचे पाणी पडते आहे आणि खालच्या तोटीतून ते वाहून जाते आहे, असे समजा. नळातून किती पाणी येते, हे कसे मोजाल? खालची तोटी घटकाभर बंद करायची आणि हौदातले पाणी किती वेगाने चढते, ते पाहायचे. बोटाचेही तसेच करतात. बोटाच्या मुळाशी लहान पट्टा बांधून त्यात बेताचाच दाब भरतात. त्या दाबाने शिरा बंद होतात, पण धमन्या चालू राहतात. रक्त आत येते, बाहेर जात नाही, म्हणून बोट किंचित फुगते. हे फुगणे डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्र ते टिपते. फुगण्याचा वेग म्हणजेच रक्तप्रवाह. या पद्धतीला प्लेथिस्मोग्राफी म्हणतात. माणसाच्या हातावर तिचा उपयोग १९०९ मध्येच झाला होता.

पुढे १९३७ च्या सुमारास हर्ट्झमन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने बोटातील नाडीची लाट टिपण्याची पद्धत आणली. बोटावर प्रकाश सोडायचा. रक्त आले की प्रकाश अधिक शोषला जातो, ओसरले की कमी. या चढउताराची लाट कागदावर उमटते. लाट उंच आणि टोकदार असेल तर रक्त जोमाने येते आहे. लाट बुटकी आणि गोलसर झाली तर वाटेत अडथळा आहे.

हेच तत्त्व पुढे आपल्या घराघरांत पोहोचले. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये याच लाटेवरून रक्तातील ऑक्सिजन मोजण्याची रीत मांडली. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली, तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन बोटाला जो चिमटा लावत होते, तो हाच ऑक्सिमीटर. आजही पुष्कळ घरांत तो आहे. म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे.

हा चिमटा रक्तप्रवाह मोजत नाही. रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण किती टक्के आहे, तेवढेच तो सांगतो. नळाचे पाणी किती शुद्ध आहे हा एक प्रश्न, आणि नळाला पाणी किती येते हा दुसरा. ९८ आकडा आला म्हणजे बोटात रक्त भरपूर आहे, असे समजू नये. उलट, बोट गार पडले असेल तर चिमट्याला लाटच सापडत नाही आणि आकडा चुकतो किंवा येतच नाही. तेव्हा घाबरू नये, बोट चोळून गरम करावे आणि पुन्हा लावावे. नखरंग किंवा मेंदीचा गडद रंगही आड येतो. आणखी एक गोष्ट २०२० साली अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आली. काळ्या वर्णाच्या माणसांत हा चिमटा ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवण्याची चूक अधिक वेळा करतो. आपणा सावळ्या लोकांनीही हे ध्यानात ठेवावे. आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतो आहे, असे असेल तर माणसावर विश्वास ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

बोटाचा रक्तदाबही मोजता येतो. दंडाला बांधतात तसाच, पण अगदी चिमुकला पट्टा बोटाला बांधतात. दाब वाढवत नाडीची लाट थांबवतात, मग हळूहळू दाब सोडतात. ज्या दाबाला लाट परत येते, तो बोटाचा दाब. निरोगी माणसात तो दंडाच्या दाबाच्या जवळपास असतो. दंडाच्या सात दशांशाहूनही तो कमी भरला, तर वाटेत अडथळा असल्याची शंका घ्यावी लागते.

हीच तपासणी पायाच्या अंगठ्यावर मधुमेहाच्या रोग्यांना फार उपयोगी पडते. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्या कडक होतात. तिथे मोजलेला दाब खोटाच जास्त दिसतो आणि सर्व ठीक आहे, असा भ्रम होतो. अंगठ्याच्या धमन्या त्या मानाने कमी कडक होतात. अंगठ्याचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर पायाची जखम आपोआप भरून येणे कठीण असते. हे वेळेवर कळले तर रक्तवाहिनी मोकळी करण्याचा विचार करता येतो आणि पाय वाचू शकतो.

आता त्या पहाटेच्या तक्रारीकडे परत येऊ. दुपारी बोटे चांगली दिसतात, मग सकाळचा झटका कसा सिद्ध करायचा? उत्तर असे की, तपासणीच्या खोलीतच थंडी निर्माण करायची. डेन्मार्कमधील नीलसन आणि लासेन यांनी १९७७ मध्ये बोटाच्या पट्ट्यातून गार पाणी खेळवून, बोट थंड करून त्याचा दाब मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. निरोगी माणसाचा बोटाचा दाब थंडीने थोडा उतरतो. रेनोच्या रोग्याचा तो एकदम कोसळतो, कधी शून्यावर येतो, म्हणजे बोटातील धमनी पूर्ण मिटते. दुसऱ्या रीतीत हात १२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवतात आणि नंतर बोटे किती वेळात पुन्हा गरम होतात, ते पाहतात. या दोन्ही रीतींचे आंतरराष्ट्रीय मानक २००५ मध्ये ठरले.

याशिवाय लेझर किरणांनी कातडीतील रक्ताची हालचाल टिपणारे यंत्र आहे. त्याचे आकडे मिलिलिटरमध्ये नसतात. ते आधी आणि नंतर यांची तुलना करण्यासाठीच वापरायचे असतात. आणि नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली केशवाहिन्या पाहण्याची तपासणी आहे. तिथे रेनोचे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. साध्या प्रकारात केशवाहिन्या केसपिनांसारख्या ओळीने नीट उभ्या दिसतात. स्क्लेरोडर्मात त्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या, कुठे नाहीशा झालेल्या दिसतात. २०१३ साली स्क्लेरोडर्माच्या निदानाच्या नव्या कसोट्या ठरल्या, तेव्हा या खुणेला त्यांत स्थान मिळाले. या तपासणीत सुई टोचत नाहीत की वेदना होत नाही.

मित्रहो, हे सारे केवळ डॉक्टरांच्या कुतूहलासाठी नाही. त्यात कामगारांचा न्याय गुंतलेला आहे. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे आले, तेव्हा दगडफोड्या कामगारांची बोटे पांढरी पडू लागली. इटलीत लोरिगा यांनी १९११ मध्ये हे नोंदवले. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत जाऊन कामगारांचे हात तपासले आणि हे हवेच्या हातोड्यामुळे होते, असे लिहिले. साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, तपासनीस पुन्हा तिथे गेले. कामगारांची पिढी बदलली होती, पण बोटे तशीच पांढरी पडत होती. म्हणजे माहिती साठ वर्षे कागदावर होती आणि हातोडा कामगाराच्या हातात तसाच होता.

ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या कामगारांनी मात्र हा प्रश्न न्यायालयात नेला. १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने खाण महामंडळाला जबाबदार धरले. त्यानंतर लाखाहून अधिक दावे आले आणि त्या तपासण्यांत हात गार पाण्यात घालून बोटांचे मापन झाले. त्यातून एक गोष्ट शिकायला मिळते. थंड पाण्याची परीक्षा प्रत्येक वेळी झटका आणतेच, असे नाही. परीक्षा ठीक आली म्हणून कामगार खोटा ठरत नाही. म्हणून यंत्राचा आकडा, कामाचा इतिहास आणि रोग्याचे सांगणे ही तिन्ही एकत्र ठेवूनच निर्णय केला पाहिजे.

आपल्याकडे खाणीत ड्रिल धरणारे, रस्त्यावर ब्रेकर चालवणारे, कारखान्यात ग्राइंडर लावणारे असंख्य बांधव आहेत. आपली हवा उष्ण असल्यामुळे त्यांची बोटे पांढरी पडलेली कमी दिसतात. परंतु मुंग्या, बधिरपणा आणि पकड ढिली होणे ही लक्षणे उष्ण हवेतही दिसतात. बोटे बधिर झाली की काहीजण कुष्ठरोगाच्या भीतीने ती लपवतात. लपवू नये. बधिरपणाची कारणे अनेक आहेत, आणि कुष्ठरोग असला तरी त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत व पूर्ण उपचार होतो.

शेवटी काही व्यावहारिक सूचना. बोटे रंग बदलत असतील तर कोणत्या वेळी, किती बोटे, किती मिनिटे, हे वहीत लिहून ठेवावे. झटका आला असताना कोणाकडून तरी मोबाईलवर फोटो काढून घ्यावा. तो दुपारच्या दवाखान्यात फार मोठा पुरावा ठरतो. तपासणीला जाताना विडी, तंबाखू, मशेरी, चहा, कॉफी घेऊ नये, आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी, कारण रक्तदाबाची काही औषधे बोटे जास्त गार करतात. पण औषध आपल्या मनाने बंद करू नये. थंडीत नुसते हातच नव्हे, सारे अंग उबदार ठेवावे. बधिर बोटे चुलीवर शेकू नयेत, भाजले तरी कळत नाही. हादऱ्यांच्या यंत्रावर काम असेल तर पाळी लावून काम करावे आणि यंत्राची देखभाल मागून घ्यावी. बोटाच्या टोकाला न भरणारी जखम झाली, टोक काळे पडू लागले, किंवा एक हात एकाएकी गार, फिका व असह्य दुखरा झाला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

आणि घरातल्या मंडळींना आमची एक विनंती आहे. घरात कोणी बोटे पांढरी पडतात म्हणून सांगितले, तर तिला गरम पाणी द्या आणि तपासणीला घेऊन जा. ती खरे बोलते आहे की नाही, याचा निवाडा घरात करू नका. तिच्या बोटांत किती रक्त येते, हे मोजता येते आणि ते मोजून घेणे हा तिचा हक्क आहे.